वळणावरची तार

भूगोलाच्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि रस्त्यावर दोरा ठेवून एकेक वळण मोजायला घेतलं. सायकल गटासाठी मार्ग आखायचा होता. पाच डोंगरी गावं, चार घाट, एकशे अठरा किलोमीटर, आणि फिरून पुन्हा घराच्या दाराशी.

धाकटा दीर शेजारीच बसला होता. बेकरी चालवायचा, पण जीव सगळा सायकलीत. "वहिनी, तिसरा घाट आधी घ्या. दमल्यावर तो लागला तर लोक सायकली खांद्यावर घेऊन तुमच्या नावानं बोटं मोडतील."

"मोडू देत. निदान हातांना तरी व्यायाम होईल," बाई म्हणाल्या. पण घाट प्रत्यक्ष चढून बघायचं दोघांचंही ठरलं.

रविवारी सकाळी दहाला ते वरच्या गावात पोचले. दुकानदारानं बाटल्या भरून दिल्या आणि विचारलं, "पुढं कुठं?"

"उतरणार खालच्या गावात."

"त्या अंगाला नका जाऊ. पाण्यावरून वाजलंय आमचं त्यांचं. परवा त्यांची पोरं मोटारसायकलींवरून आली आणि आमची पाइपलाइन फोडून गेली."

दीर हसला. "आमच्याकडं तर इंजिनसुद्धा नाही. आम्हाला कोण काय करतंय?"

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण मागं फिरायचं तर चाळीस किलोमीटरचा वळसा, आणि दीर पुढं निघालाही होता.

उतार सुरेख होता. दीर वाऱ्यासारखा सुटला. तिसऱ्या वळणावर, दोन झाडांच्या मधोमध, त्याची मान झटक्यात मागं गेली आणि सायकल एकटीच पुढं धावली. बाईंनी जीव खाऊन ब्रेक दाबले. रस्त्याला आडवी ताणलेली तार अजून थरथरत होती.

त्याच्या मानेची डावी बाजू उघडी पडली होती. रक्त ठोक्याठोक्याला उसळत होतं. बाईंनी जाकीट काढलं, घडी केली आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. "माझ्याकडं बघ. डोळे मिटलेस तर याद राख!"

झाडीतून एक माणूस आला. हातात पक्कड. तोंड पांढरंफटक. "ही तुमच्यासाठी नव्हती हो," तो जवळ वाकून पुटपुटला. "मोटारसायकलवाल्यांसाठी होती."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. उजव्या हातानं जखम दाबून त्यांनी डाव्या हातानं शेजारी पडलेल्या आपल्या सायकलचा पंप ओढून काढला आणि त्या माणसाच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा, तीनदा. ओठ फाटला, दात पडला. त्यानं हात वर केला नाही.

"बस इथं! दाब!" बाई किंचाळल्या. तो गुडघ्यांवर बसला आणि बाईंच्या हातावर हात ठेवून दाबू लागला.

तेवढ्यात खालच्या गावाची पिकअप चढून आली. चौघं उतरले. त्यांनी तार बघितली, पक्कड बघितली आणि काय ते समजले. एकानं जॅकचा दांडा काढला. त्या माणसाला केसांना धरून ओढत नेलं आणि ठोकायला सुरुवात केली. हाड मोडल्याचा आवाज बाईंना ऐकू आला.

"अहो, आधी याला दवाखान्यात न्या! गाडी काढा!" कुणी मान वळवली नाही. चौघांनाही चेव चढला होता. बाईंच्या हाताखालचं जाकीट भिजून जड झालं होतं, आणि दिराचे ओठ निळे पडत होते.

बाईंनी दिराचाच हात जखमेवर दाबून ठेवला, उठल्या, रस्त्याकडेचा धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि पिकअपच्या काचेवर घातला. काचेचा चुरा झाला. चौघंही वळले. दांडेवाला धावून आला आणि त्यानं बाईंच्या खांद्यावर फटका मारला. बाई कोलमडल्या, पण ओरडायच्या थांबल्या नाहीत. "मारा मला! पण आधी त्याला उचला! तो मेला तर खून तुमच्याही नावावर लागेल!"

तेव्हा कुठं त्यांचे हात थांबले. दिराला मागच्या हौद्यात घातलं. बाईंनी रस्त्यावरच्या माणसाकडं बोट केलं. "त्यालाही घ्या." तो का, हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

दीर वाचला. आवाज मात्र घोगरा झाला तो कायमचा. तारवाल्याचा एक डोळा गेला.

बाईंनी पोलिसांत सगळं सांगितलं. तार, दांडा आणि आपला पंपसुद्धा. मग शाळेत दोन्ही गावांतून धमक्यांचे फोन येऊ लागले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, जबाब जरा मवाळ करता येईल का?" बाई म्हणाल्या, "नाही."

महिन्याभरानं तारवाल्याची बायको शाळेत आली. मधल्या सुट्टीत, वर्गाच्या दारात उभी राहिली.

"बाई, तुमचा जबाब मागं घ्या. घरात कमावतं दुसरं कुणी नाही."

"माझ्या दिराचा गळा कापलाय त्यानं."

"माहीत आहे मला. आणि त्या चौघांनी त्याचा डोळा फोडला, ते?"

"तेही सांगितलंय. चौघांचीही ओळख पटवून दिलीय."

बायको मागच्या बाकावर बसली. डोळे पुसत म्हणाली, "तुमचे हात त्याच्या हाताखाली होते म्हणे. तो अजून सांगत असतो, बाईंचे हात गार पडत चालले होते."

घंटा झाली. मुलं दारातून आत घुसली, तशी ती उठली आणि भिंतीला धरून बाहेर गेली. बाईंनी फळा पुसायला घेतला, पण दुखरा खांदा वर होईना. त्यांनी मुलांना वह्या उघडायला सांगितलं.