एकोणपन्नासावी चाल

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. बुद्धिबळाच्या स्पर्धेत चाली लिहायला देतात तो. पिवळा पडलोय, कोपऱ्यावर सरबत सांडलंय. तरी मान खाली घालून बोलणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

छापखान्यातून आलो तेव्हा माझ्यावर नुसत्या रेघा होत्या. शेवटच्या फेरीत दहा वर्षांच्या एका मुलीच्या हाती पडलो. शहराच्या संघात जायला तिला अर्धा गुण हवा होता, म्हणजे निदान बरोबरी. समोर एक दंतवैद्य, तीन वेळचे विजेते.

सुरुवातीलाच दोघांचे चारी घोडे बाहेर आले. या सुरुवातीला जाणकार मिळमिळीत म्हणून नाकं मुरडतात.

"तबेला उघडलास काय गं?" डॉक्टर हसले.

ती प्रत्येक चाल माझ्यावर उतरवत राहिली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!

पुढे तिचा उंट फुकट गेला. मग मात्र तिनं वजीर घुसवला. शह, पुन्हा शह. डॉक्टरांचा राजा इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यांच्या घड्याळात पाच मिनिटंही उरली नव्हती; अशा वेळी न लिहिण्याची मुभा असते. त्यांनी पेन खाली ठेवलं. तिनं नाही.

एकोणपन्नासावी चाल तिनं माझ्यावर लिहिली, पण नियमाप्रमाणे पटावर खेळली नाही; बरोबरी मागायची तर आधी नुसती लिहायची असते. हात वर करून पंचांना बोलावलं.

"सर, या चालीनं तीच मांडणी तिसऱ्यांदा येते. बरोबरी द्या."

"दोनदाच आलीय," डॉक्टर म्हणाले. "उंट गेला म्हणून रडीचा डाव नको, पोरी."

"काका, रडत नाहीये. मोजतेय."

पंचांनी मला उचललं आणि दुसऱ्या पटावर पहिल्यापासून डाव मांडला. पंचेचाळिसाव्या ओळीवर ते थबकले. तिथला इंग्रजी आकडा पाच असता तर मांडणी बदलत होती, अर्धा गुण गेलाच होता.

"हा तीन की पाच?"

"तीन. पाचाला मी टोपी घालते."

पंचांनी वरच्या ओळींतले पाच तपासले. सगळ्यांना टोपी होती! पंचेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास: मांडणी तीच. त्यांनी माझ्यावर बरोबरी लिहून सही केली.

दाराशी तिचे बाबा उभे होते. "म्हणजे जिंकली नाहीस?"

"नाही. पण संघात आहे."

मित्रांनो, चषकांच्या कपाटात मला जागा मिळाली नाही. 'नुसती बरोबरी' म्हणतात. म्हणोत बापडे! समोरचा कितीही मोठा असो, तुमची चाल तुम्ही लिहा, आणि लिहिलेलं जपा. आणि मला उलगडणार असाल तर हात हलका ठेवा. पंचेचाळिसावी ओळ विरत चाललीय, आणि साक्ष द्यायला मी आजही तयार आहे.