घडीत उमटलेली रेघ

मित्रांनो, पालिकेच्या जिन्यासमोर मी टांगलेला आहे. जाड कापडावर चिकटवलेला, कडेने विरलेला. या शहराच्या अकरा प्रभागांचा मी जुना नकाशा.

मला काढणारे आरेखक मोठे चिवट गृहस्थ. सात महिने ते गल्लीबोळांतून पायी फिरले. एवढ्या शहराची निगा एकाच कचेरीला कशी झेपणार? म्हणून त्याचे प्रभाग पाडले. कुठल्या घराचं पाणी, गटार, दिवे कोणी बघायचे, ते माझ्यावरच्या तांबड्या रेघा सांगत. रेघेच्या वाटेत घर आलं, की आरेखक ती मागच्या बाजूने वळवून नेत.

पुष्कळ वर्षं माझा मोठा मान होता. पत्ता शोधणारा माणूस आधी माझ्यापुढे उभा राही. मग रंगकामासाठी मला उतरवलं, घडी घालून लोखंडी कपाटामागे कोंबलं आणि विसरून गेले. पुढे संगणक आला, तेव्हा घाईघाईने माझी नक्कल त्यात उतरवली. मला पुन्हा कपाटामागे ढकललं.

एके सकाळी एक म्हातारे शिंपीकाका कचेरीत आले. तीन आठवडे त्यांच्या नळाला गटाराचं पाणी येत होतं. काकू नुकत्याच मोठ्या दुखण्यातून उठलेल्या. डॉक्टरांनी पाण्याबद्दल बजावलेलं.

“पूर्व प्रभागवाले म्हणतात, तुमचं दार पश्चिमेत आहे. पश्चिमवाले म्हणतात, नळ पूर्वेत आहे,” काका नोंदणीच्या बाईंना म्हणाले. “आता मी दाराशी राहू की नळाशी?”

बाईंनी संगणकात पाहिलं. सीमा खरोखरच काकांच्या घरातून आरपार गेली होती. त्यांनी दोन्ही प्रभागांच्या अभियंत्यांना बोलावलं, मला ओढून काढलं आणि जमिनीवर पसरलं. गुडघे टेकून त्या कितीतरी वेळ माझ्यावर बोट फिरवत राहिल्या.

“साहेब, ही रेघ नाहीच,” त्या एकदम म्हणाल्या. “ही घडी आहे. कपाटाचा गंज उतरून तांबडी झालीय. खरी रेघ ही बघा, पुसट. घरामागून जाते.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या अंगावरच्या एका चुणीपायी दोन म्हातारी माणसं घाण पाणी गाळून, उकळून पीत होती!

पश्चिमेचे अभियंता खाली वाकले, दोनदा वाकले. मग घसा खाकरून म्हणाले, “नळ आमचा. काका, चला, मीच येतो.”

संध्याकाळपर्यंत फुटकी वाहिनी बदलली. संगणकातली रेघ सुधारायला मात्र दोन महिने आणि सतरा सह्या लागल्या. बाईंनी पिच्छा सोडला नाही. मला इस्त्री करून पुन्हा भिंतीवर लावायलाही त्यांनीच लावलं.

परवा काका काकूंना घेऊन आले. काकूंनी चष्मा नीट केला आणि माझ्यावरच्या मसुराएवढ्या चौकोनावर बोट ठेवलं.

“एवढुसंच होय आपलं घर?”

“तुझी भांडी मावतात ना त्यात?” काका म्हणाले. जिन्यावरची माणसंही हसली.

मित्रांनो, तुमचं घर कुठल्या प्रभागात येतं, ते एकदा शोधून ठेवा. आणि नकाशा हाताळताना जरा जपा. त्यावर कोणीतरी राहत असतं.