ऐरणशेठचे उसने कान

लोक सोनं जमवतात, जमिनी जमवतात, गेला बाजार जुनी नाणी तरी जमवतात. ऐरणशेठनी जन्मभर ऐरणी जमवल्या. शेठ म्हणजे कुणी पेढीवाला नव्हे, गिरणीच्या दुरुस्तीखात्यातून निवृत्त झालेला साधा फिटर. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या लोहारी ऐरणी लाकडी ओंडक्यांवर रांगेने बसलेल्या, म्हणून गल्लीने त्यांना शेठ करून टाकलं होतं. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. "आमच्याकडे चोराची भीती नाही," वहिनी म्हणायच्या, "आला तरी बिचारा उचलणार काय? उलट कंबर धरली म्हणून आम्हालाच तेल चोळावं लागेल."

शेठ ऐरण जपायचे ती पोटच्या पोरीसारखी. गंज तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढायचा, जवसाचं तेल कोमट करून फडक्याने चोळायचं, आणि माथ्याला कानस म्हणून लावायची नाही. माथा म्हणजे ऐरणीचा वरचा सपाट भाग, ज्यावर घाव पडतात. "त्याच्यावरचे खड्डे म्हणजे कुणाच्या तरी हाताची सही आहे," ते सांगत. ही नालबंदाची, हिचं शिंग, हे पुढचं निमुळतं टोक, एका बाजूने झिजलंय बघा, घोड्यांचे नाल वळवून वळवून. ही साखळ्या करणाऱ्याची. ही कुठून आली माहीत नाही, पण हिचा मालक डावखुरा होता. वहिनींना हे सगळं पाठ झालं होतं, पोथी पाठ होते तसं, अर्थ हळूहळू मागून येत गेला.

एका बाबतीत मात्र शेठचं चुकलं होतं आणि ते आता सुधारण्यासारखं नव्हतं. चांगली ऐरण घाव घातला की घंटेसारखी वाजते. लोहार दिवसभर तो आवाज सोसू शकत नाहीत, म्हणून ऐरणीच्या कमरेला जड साखळी गुंडाळतात. आवाज मरतो, कान वाचतात. शेठच्या वडिलांच्या ऐरणीलाही साखळी होती. पण शेठ कुठलीही ऐरण घरी आणली की आधी साखळी काढून फेकायचे. "गंज धरतो खाली," हे कारण सांगायला. खरं कारण वेगळं होतं. "गाणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा का?" असं ते एकदा वहिनींना म्हणाले होते. रोज सकाळी वहिनींची प्रार्थना आटपायच्या सुमारास ते हातोडी घेऊन शेडमध्ये जात आणि एकेकीला वाजवत. वर्षानुवर्षं, पत्र्याच्या बंद शेडमध्ये. त्यातच कान गेले. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग नातवंडांचे फोन, शेवटी ऐरणीही.

कान गेल्यावर शेठनी वहिनींचे कान उसने घेतले. ऐरण चांगली की वाईट हे आवाज सांगतो. आतून तडकलेली बद्द वाजते, आगीत सापडून पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेली तर वाजतच नाही, मातीवर काठी मारल्यासारखी थप्प करते. कुणी ऐरण आणली की शेठ हातोडी मारायचे आणि वहिनींच्या तोंडाकडे बघायचे. वहिनी म्हणायच्या, "जिवंत आहे." किंवा मान हलवायच्या, "नाही हो." जिवंत असेल ती शेडमध्ये. मेलेली असेल ती भंगारवाल्याच्या टेम्पोत, तिथून सरळ वितळभट्टीत. शेठचा नियमच होता, मेलेली ठेवायची नाही. ओठ वाचायला ते शिकले होते, पण या दोन उत्तरांसाठी त्यांना वाचावंही लागत नसे. वहिनींच्या चेहऱ्यावर आधीच उमटलेलं असे.

"वहिनी, एकदा तरी आमच्या बाजूने बोला की," भंगारवाला चिडवायचा. "तुम्ही बऱ्याच जिवंत करता, माझ्या पोटावर पाय येतो."

"मी कोण जिवंत करणारी?" वहिनी हळूच म्हणायच्या. "असेल तसं सांगते. खोटं सांगून मला काय मिळणार आहे?"

हा सगळा उद्योग सुरू झाला तो एका हरवलेल्या ऐरणीपायी. शेठचे वडील लोहार. ते गेले तेव्हा शेठ नोकरीनिमित्त लांब होते. थोरल्या भावाने भाता, घण, ऐरण सगळं विकून टाकलं आणि नंतर कळवलं. शेठ भावाला एका शब्दाने बोलले नाहीत; पण तेव्हापासून जिथे जुनं लोखंड दिसेल तिथे वाकून बघायची सवय लागली ती लागलीच. ओळख सोपी होती. शिंगाचं टोक तुटलेलं, आणि पायाच्या कडेला छिन्नीने घातलेल्या तीन खाचा, खिळ्याची लांबी मापायला. ती ऐरण शोधता शोधता बाकीच्या घरात आल्या, जशी हरवलेलं मूल शोधणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांची मुलं जमावीत.

आणि एका दुपारी ती आली. भंगारवाल्याने टेम्पो दाराशी लावला. "शेठ, एक काळी म्हैस आणलीय, बघून घ्या. जळालेल्या गोदामाच्या ढिगात सापडली."

शेवटचं वाक्य शेठना कळलं नाही. भंगारवाला तेव्हा दोरी सोडायला वळला होता. वहिनींना ऐकू आलं.

शेठनी शिंगावरून हात फिरवला. टोक नव्हतं. मग ते गुडघ्यावर बसले, पायाच्या कडेची काजळी अंगठ्याने पुसली, आणि अंगठा तिथेच राहिला. बराच वेळ ते उठलेच नाहीत. उठले तेव्हा त्यांचं तोंड बापाचा हात सापडलेल्या लहान मुलासारखं दिसत होतं.

"अगं, बाबांची आहे," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, वर-खाली होणारा, सगळ्या गल्लीला ऐकू गेला. मग त्यांनी हातोडी उचलली आणि माथ्यावर मारली.

थप्प.

टेम्पोच्या फळीवर ठेवलेली आहे, म्हणून हातोडी उसळली नसेल, असं शेठनी धरून घेतलं असावं. हाताला कळलंच असणार काहीतरी. पण ते हाताकडे बघत नव्हते, वहिनींच्या तोंडाकडे बघत होते. असं बघत होते, की वहिनींनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि त्याच्याच पाठोपाठ म्हणाल्या, "जिवंत आहे हो. छान वाजते."

भंगारवाल्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. जाताना फाटकाशी थांबून म्हणाला, "वहिनी, आज तुमच्या कानांना काय झालं?"

"तुम्ही तुमचं काम बघा, भाऊ," वहिनी म्हणाल्या.

पुढचे काही दिवस घरात सण असल्यासारखे गेले, आणि वहिनींना घास गिळवत नव्हता. शेठ शेडमधून जेवायला येत तेही शीळ घालत, सूर कुठल्या कुठे. ऐरणीची काजळी निघाली, तेल चढलं. मधला ओंडका रिकामा करून तिला तिथे बसवली. वहिनींच्या मनात दहादा आलं, सांगून टाकावं. सकाळी प्रार्थनेला बसल्या की शब्द ओठांवर यायचे आणि मागून शीळ ऐकू यायची. चार दिवस सुखाचे जाऊ देत त्यांचे, मग सांगू. दुसऱ्याच्या सुखासाठी बोललेलं खोटं देव पोटात घालतो म्हणतात. देव घालत असेल. लोखंड घालत नाही.

हे असं की, ऐरणीचा माथा कडक असतो म्हणून घाव लोखंडाच्या तापल्या तुकड्यावर पडतो, ऐरणीवर नाही. आगीत पाणी उतरलं की माथा मऊ पडतो, शिशासारखा. शेठनी एके दिवशी कोपऱ्यातली छोटी भट्टी पेटवली. वडील करायचे तसा खिळा करायचा आणि त्या तीन खाचांवर मापायचा, एवढीच हौस. वहिनींना त्यांनी मुद्दाम बोलावून दारात उभं केलं. "बघ आता!"

त्यांनी लालभडक सळई माथ्यावर धरली आणि घाव घातला. हात आता पूर्वीचा नव्हता, दुसरा घाव सळईच्या बाजूला ऐरणीवरच पडला. शेठनी हातोडी उचलली. खाली, वडिलांच्या ऐरणीच्या माथ्यावर, हातोडीचा अख्खा गोल ठसा उमटला होता. ओल्या मातीत टाच रुतावी तसा.

शेठनी सळई पाण्यात टाकली. ठशावरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा, हलकेच, हातोडी मारली. दुसरा ठसा. वहिनींना वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ओरडावं असंच वाटत होतं.

"तू ऐकलं होतंस," शेठ म्हणाले. विचारत नव्हते.

वहिनींनी हो म्हणून मान हलवली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कधीपासून मला असं सांगतेस?" त्यांनी हातातली हातोडी सगळ्या शेडवरून फिरवली, त्या रांगेवरून. "ह्या सगळ्या?"

"नाही हो, देवाशपथ! हीच एक. फक्त हीच. तुमचं तोंड बघवेना म्हणून—"

पण शेठनी डोळे मिटून घेतले होते. डोळे मिटले की त्यांच्याशी बोलायचा दुसरा रस्ता नव्हता. वहिनी त्यांच्यापुढे उभ्या राहून बोलत राहिल्या, आणि ते बोलणं पत्र्याला लागून परत त्यांच्याकडेच येत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून शेठनी शेडमधली एकेक ऐरण तपासायला घेतली. कानाऐवजी पोलादी गोळीने ऐरण पारखणाऱ्यांना ते इतकी वर्षं हसायचे; तसलीच एक गोळी त्यांनी आता कपाटातून काढली. गोळी माथ्यावर टाकायची. माथा कडक असेल तर ती उंच उसळते. सगळ्याच ऐरणींनी गोळी परत दिली. वहिनी दारातून बघत होत्या, प्रत्येक उसळीला त्यांना जरा जरा श्वास येत होता. पण गोळीला माथ्याचा कडकपणा कळतो, पोटातला तडा कळत नाही, असं शेठच सगळ्यांना सांगत आले होते. तडा फक्त कानाला कळतो. शेवटच्या ऐरणीपाशी येऊन त्यांनी गोळी खिशात टाकली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उजेड नव्हता. वडिलांची ऐरण त्यांनी नियमाप्रमाणे भंगारात दिली नाही. तिच्यावर पोतं टाकलं. वहिनींशी बोलणं बंद नव्हतं. मीठ दे, पंखा लाव, दार ओढून घे, हे सगळं होतं. फक्त सकाळी हातोडी घेऊन ते शेडमध्ये जाईनासे झाले.

पावसाळा सरल्यावर एक म्हातारा लोहार हातगाडीवर ऐरण घेऊन दाराशी आला. दुकान बंद करत होता. "पैशाचं राहू द्या," तो म्हणाला. "माझ्या आजाची आहे. तुमच्याकडे सांभाळतात असं ऐकलं. भट्टीत नको जायला, एवढंच."

त्या वेळी भंगारवाला पत्र्याचे तुकडे न्यायला आलेला होता. वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि सवयीने हातगाडीसमोर उभ्या राहिल्या. शेठनी हातोडी मारली.

काय वाजली ती! वहिनींच्या छातीत सरळ उतरली. असा आवाज त्यांनी या घरात क्वचितच ऐकला होता. "जिवंत आहे!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा फुलून आला.

शेठनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते भंगारवाल्याकडे वळले. "तू सांग."

भंगारवाला घुटमळला. त्याने वहिनींकडे पाहिलं, मग ऐरणीकडे. चांगली दणदणीत, वजनदार होती. "मला विचाराल तर बद्द आहे, शेठ. पोटात तडा आहे."

"भाऊ!" वहिनी म्हणाल्या.

"अहो, मी काल संध्याकाळपर्यंत घाव घातलेत हिच्यावर!" लोहार म्हणाला. "कसला तडा?"

"विकणारा दुसरं काय बोलणार," भंगारवाला पुटपुटला.

"विकतोय कोण इथे?"

शेठ एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी गोळी टाकली. ती छातीएवढी उसळली. त्यांचा हातही सांगत असणार, चांगली आहे. पण हाताचं न ऐकल्याचा पश्चात्ताप एकदा झाला, तरी हातावर भरवसा बसतोच असं नाही.

वहिनींनी त्यांची बाही धरली. असं चारचौघांत त्यांनी कधी केलं नव्हतं. ओठ मोठे करून, एकेक शब्द सोडवून त्या म्हणाल्या, "अहो, एकदा चुकले. मला वाटेल ती शिक्षा करा. पण हिला पाठवू नका. घंटेसारखी वाजतेय."

"त्या दिवशीही छान वाजत होती," शेठ म्हणाले, आणि बाही सोडवून घेतली. तेवढंच. आवाजात राग नव्हता. असता तर वहिनींनी त्याला धरून काही केलं असतं.

ऐरण परत नेऊन ठेवायला लोहाराला दुकान उरलं नव्हतं. "बरं," तो म्हणाला, हातगाडी तिरकी करून ऐरण खाली घसरवली, आणि रिकामी गाडी फिरवून निघून गेला, मागे न बघता.

भंगारवाल्याने दोन हमाल बोलावले. वहिनींकडे न बघता तो दोरी आवळत होता. हमालांचा हात सुटला आणि ऐरण टेम्पोतल्या लोखंडावर आदळली. सगळी गल्ली दणाणली. समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. वरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. शेठनी सगळ्यांच्या माना वळलेल्या पाहिल्या आणि कपाळाला आठी घातली.

"काय झालं?" त्यांनी वहिनींना विचारलं. कितीतरी दिवसांनी काही विचारलं होतं.

"ऐरण वाजली," वहिनी म्हणाल्या.

शेठ त्यांच्या ओठांकडे बघत राहिले, अनोळखी लिपीतली पाटी बघावी तसे. टेम्पो सुरू झाला, कोपऱ्यावर वळला. मग त्यांनी शेडचं दार ओढलं आणि कडी लावली.