हरणमाळावरची छागल

मी एक जुनी छागल आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल. छागल म्हणजे पाणी भरायची जाड कापडाची पिशवी. घरोघरी फ्रीज नव्हते तेव्हा आम्ही जीपच्या बाजूला लटकून पाणी गार करायचो. शहागंजात तंबू शिवणाऱ्या एका कारागिरानं मला शिवलं, तोंडाला लाकडी बूच बसवलं आणि मी हरणमाळावर कामाला लागले.

हा माळ पिशोरकडच्या डोंगरात आहे. फार पूर्वी एका जहागीरदारानं हरणं पाळायला त्याला दगडी तट घातला. जहागीरदार गेला, तट ढासळला, हरणं मात्र राहिली. दोन तासांच्या चढावर त्यानं हरणांना पाणी प्यायला कोरून घेतलेली दगडी डोण आहे आणि विहीर खाली फाटकापाशी. म्हणून इथला रिवाज असा, की वर जाणाऱ्यानं विहिरीचं पाणी न्यायचं, डोणीत ओतायचं आणि मागं वळून न पाहता उतरायचं. माणूस वळला की थांबतो, आणि तो थांबला की हरणं येत नाहीत.

मी बत्तीस उन्हाळे पाणी नेलं, पण हरणाला पाणी पिताना एकदाही पाहिलं नाही. ते जिभेनं लपलप पितं की ओठ बुडवून? आवाज होतो का? आधी आई पिते की पाडस? कोणाला विचारायची सोय नव्हती. सगळे माझ्यासारखेच पाठ फिरवून आलेले!

मग विहिरीवर मोटार बसली, डोणीपर्यंत पाइप गेला आणि मी खुंटीवर गेले. चार वर्षांत एका पालीनं माझ्यात संसार थाटला. मला वाईट वाटलं, पण पालीची सोबतही वाटायची.

या एप्रिलमध्ये मोटार जळली. तीन दिवस डोण कोरडी पडली. पाणी नसलं की हरणं पडक्या तटावरून खालच्या डांबरी रस्त्याकडे उतरतात, आणि तिथं गाड्या असतात, कुत्री असतात. रखवालदार सर्जेरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. रविवारी सकाळी गारखेड्याहून करुणाबाई आणि त्यांचे यजमान अतुल डोंगर चढायला आले, तेव्हा सर्जेरावांनी मला झटकलं, विसळलं, काठोकाठ भरलं आणि त्यांच्या हाती दिलं.

"मॅडम, येवढं पाणी वर न्या. मोटार उद्या येती, पण मुकी जनावरं उद्यापस्तोर काय करतील?"

घाईत ते एक गोष्ट विसरले. वाळलेली छागल आधी रात्रभर भिजवावी लागते. दोरे फुगले की कापडाची भोकं बुजतात. मी तशीच निघाले आणि पहिल्या वळणापासून गळू लागले.

"अगं, फाटकी दिलीय त्यांनी. परत जाऊ या," अतुल म्हणाले.

"फाटकी नाही, वाळलीय. आमच्या बाबांच्या जीपला होती अशी. थोडी कळ काढ, थांबेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटेतल्या जहागीरदाराच्या समाधीवरच्या पडक्या छत्रीपाशी पोचेपर्यंत गळती थेंबांवर आली, पण निम्मं पाणी वाटेला लागलं होतं. त्यांची स्वतःची स्टीलची बाटलीही संपली होती. ऊन चढलेलं.

"दोन घोट घेऊ का गं?" अतुलनी विचारलं.

"घे की."

त्यांनी बूच काढलं. मग त्यांची नजर वाटेवरच्या धुळीत गेली. तिथं खुरांचे ताजे ठसे होते, मोठे आणि अगदी इवलेसे, वर डोणीकडे गेलेले. त्यांनी बूच परत लावलं.

"खाली गेल्यावर पिऊ," ते म्हणाले.

वर करुणाबाईंनी डोणीतला पालापाचोळा काढला आणि मला पालथं केलं. तळाला चार बोटं पाणी झालं. बुटाची नाडी बांधायला त्यांनी मला एका खालच्या फांदीला अडकवलं. नाडी बांधली, दोघं वळले, आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी मागं पाहिलं नाही. मी तिथंच राहिले.

आधी मी घाबरले. मग लक्षात आलं, की आज मला पाठ फिरवून खाली न्यायला कोणी नाही.

तासाभरानं हरणी आली, मागं पाडस. हरणीनं मान खाली घातली आणि ओठ बुडवले. आवाज अगदी बारीक होतो. पण पाणी तळाला होतं, पाडसाचं तोंड पोचेना. त्यानं दोनदा मान ताणली आणि मग ते माझ्याकडे वळलं. माझ्या खालच्या कोपऱ्यातून उरलंसुरलं पाणी अजून ठिबकत होतं. पाडसानं तो कोपरा तोंडात धरला आणि आईला लुचावं तसं ते मला लुचू लागलं. ज्या गळण्यानं मी सकाळपासून लाजले, तेच त्याच्या कामी आलं. मी फार सुखावले.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव शोधत आले. "हितं राह्यलीस व्हय? चल, आता तुला रोज भिजत ठेवतो," म्हणाले. आता माझी जागा खुंटीवर नाही, बादलीत आहे.

मित्रांनो, पोटमाळ्यावरची जुनी वस्तू काढलीत आणि ती गळली, तर लगेच फेकू नका. तिला भिजायला थोडा वेळ द्या. आणि हरणमाळावर याल तेव्हा पाणी न्या, ओता, अन् मागं पाहू नका. मागं काय घडतं, ते मी पाहिलंय.