ढोलावरची फुली

मी एक जुना ढोल आहे. वाजवायचा नव्हे, कॉफीच्या बिया भाजायचा. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. माझ्या अंगावर खडूची एक भलीमोठी फुली आहे. ती भंगारवाल्याने मारलेली आहे आणि ती अजून कुणी पुसलेली नाही. पुसू नयेच. का, ते ऐका.

माझं अंग बिडाचं, ओतीव. पोटात बिया फिरतात, खाली गॅसची शेगडी, समोर बियांचा रंग बघायला काचेचा डोळा. मला या दुकानात आणलं ते बाबांनी. इथे पूर्वी पावाची भट्टी होती. भट्टी गेली, पण तिचं विटांचं रुंद धुराडं तसंच उभं राहिलं होतं. बाबांनी माझी नळी त्यात सोडली आणि म्हणाले, झालं, याला आयतं नाक मिळालं. पहिल्याच वर्षी माझ्या शेगडीच्या दाराची खिट्टी झिजली. नवी बसवायला गेले तर ती बसेना. तेव्हापासून पेटवताना दारावर गुडघा रेटून धरावा लागतो. नाहीतर दार उघडतं, वारा आत शिरतो आणि ज्योत विझते. बाबांना त्याची इतकी सवय झाली होती की त्यांच्या सगळ्या पँटी एकाच गुडघ्यावर फाटत.

बाबांना दोन मुलं. दादा थोरला, तो गल्ल्यावर बसायचा आणि बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. ताई धाकटी, ती माझ्यापाशी. बिया तडतडू लागल्या की ती कान देऊन ऐकायची. बाबांच्या मागे दुकान दोघांनी चालवलं, ताईने भाजायचं आणि दादाने विकायचं. पण ताईचा अर्धा जीव तिच्या कॅमेऱ्यात. काम आटोपलं की निघाली नदीकाठी नाहीतर टेकडीवर. तिथे टिपलेले चेहरे तिने कॉफीच्या पाकिटांवर छापले. हलक्या भाजणीवर खंड्या, मधल्या भाजणीवर खार आणि कडक भाजणीवर पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड, जुन्या पुलाखाली दिसलेलं. सकाळी उठून घुबडाचं तोंड कोण बघणार, म्हणून लोक हसले. हसत हसत पाकिटं मात्र घेऊन गेले. पुढे गाव दुकानालाच घुबडाचं दुकान म्हणू लागलं आणि बघता बघता त्या घुबडानेच दोघांचं घर चालवलं.

मागच्या वर्षी मंदीचे दिवस आले. ताईने धुराडं साफ करून घेतलं, वरची जाळी काढून ठेवली आणि गेली पुलाखाली. तिला घुबडाच्या पिलांचा फोटो हवा होता. दादा शिल्लक माल विकत बसला. दोन महिने मी गार पडून होतो आणि वरची जाळी परत बसवायची कुणालाही आठवण झाली नाही. ताई हात हलवत परत आली. पुलाखाली पिलं सोडा, पीससुद्धा नव्हतं.

इकडे दादाने टेकडीवरच्या नव्या हॉटेलाचं मोठं काम मिळवलं होतं. मला पेटवायचा दिवस उजाडला आणि माझ्या पोटातून आवाज आला. फुस्स. दादा ओरडला, गॅस गळतोय! दुकानातले सगळे रस्त्यावर. फिटर आला, सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावून बसला. एक बुडबुडा नाही. फुसफुस चालूच. शेवटी सिलिंडर उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवला, तरी फुसफुस चालूच. मग ताईने माझी नळी सोडवली, कॅमेरा धुराड्यात घातला आणि वर तोंड करून फोटो काढला. फोटोत चार पांढरी तोंडं होती, चारही रागावलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ताई जमिनीवर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला.

दादा हसला नाही. त्याला हॉटेल दिसत होतं. त्याने फिटरला विचारलं, नळी भिंतीतून बाहेर काढता येईल का? फिटर म्हणाला, सहज येईल, पण ही भिंत आणि धुराडं एकच आहे, हातोडा मारला की वरच्या विटा पोरांसकट खाली येतील. ताईने तिथल्या तिथे सांगून टाकलं की पोरं उडेपर्यंत हातोडाही नाही आणि आगही नाही. हॉटेलचे मॅनेजर स्वतः येऊन बघून गेले. माणूस मोठा सभ्य. एक दिवस धूर केलात की आपोआप जातील, असं त्यांनी फार गोड आवाजात सुचवलं. ताईने त्यांना फोटोत पिलांचे पंख दाखवले, त्यांत अजून धड पीस नव्हतं. शनिवारपर्यंत वाट बघतो, म्हणाले आणि गेले.

ताईने अंगणात चूल मांडली आणि लोखंडी तव्यावर हाताने भाजू लागली. माझं काम एक तवा करतोय! माझा तिळपापड झाला. पण एक सांगतो मित्रांनो, इतकी वर्षं माझ्याकडे जे आलं ते भाजूनच बाहेर पडलं. माझ्या आसऱ्याने कच्चं काही वाढतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. ते मला सोडायचं नव्हतं.

दादाने भंगारवाल्याला आणलं. त्याने माझ्यावर टिचकी मारली, बीड चांगलं आहे म्हणाला आणि फुली ओढली. दादाचा बेत असा की मला काढायचं, शहरातून भाजलेली कॉफी आणायची आणि घुबडाच्या पाकिटात भरायची. पण शनिवारच्या आत तेही जमणार नव्हतं. म्हणून शुक्रवारी ताई बाजारात गेलेली बघून तो काडीपेटी घेऊन माझ्यापाशी आला.

त्याने माझी नळी परत धुराड्यात बसवली, गॅस सोडला, काडी लावली. ज्योत आली, दार उघडलं, ज्योत गेली. त्याने पुन्हा लावली. पुन्हा तेच. दादा घामाघूम झाला, मला लाथ घातली, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोक म्हणतील, खिट्टी झिजली होती. म्हणू देत. मी पेटलो नाही, एवढं खरं.

ताई दारात उभी होती. केव्हा आली ते त्याला कळलंच नाही.

"काय चाललंय दादा?"

"पोटाचं बघतोय. पाखरांपायी दुकान बुडेल."

"बुडू दे. ज्याचं तोंड दाखवून कॉफी विकली, त्याच्याच पोरांना धुरी द्यायची? मग पाकिटावरचं घुबड काढ आणि तुझं तोंड छाप."

वरून फुस्स आलं. दादा बियांच्या पोत्यावर बसला. पाय लांबवून त्याने शेगडीचं दार ढकललं, ते परत उघडलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हे दार उघडतं का असं?"

"बाबा गुडघा लावायचे. तू कधी विचारलंच नाहीस."

दादाने काडीपेटी खिशात घातली.

हॉटेलचं काम गेलं ते गेलंच, परत आलं नाही. फळ्या रिकाम्या राहिल्या, नेहमीची गिऱ्हाइकं पाव किलोवर भागवून गेली आणि दादा आठवडाभर ताईशी धड बोलला नाही. महिन्याभराने एकेका संध्याकाळी एकेक पोर धुराड्याच्या तोंडावर येऊन बसलं आणि उडालं. शेवटचं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने फिटरला न बोलावता स्वतःच छिन्नी-हातोडा घेतला आणि भिंतीला भोक पाडलं. वाकडं पाडलं. माझं नाक तेव्हापासून तिरकं आहे, पण भिंतीतून बाहेर आहे. धुराडं कायमचं वरच्यांना सोडलं.

मला पेटवायला दादा वाकला. ताईने बिया ओतल्या. नेमकं त्याच वेळी भंगारवाला हातगाडी घेऊन दारात हजर. त्याने फुलीकडे बोट दाखवून म्हटलं, चला, उचलायचं ना?

दादाने मान वळवली नाही. "दारावर माझा गुडघा आहे, मला उठता येत नाही. तुम्ही निघा."

तर ती ही फुली. वरच्यांनी यंदाही पोरं काढली आहेत. नवं गिऱ्हाईक दचकून विचारतं, गॅस गळतोय का हो? दादा सांगतो, नाही, घरमालक वर राहतात.

अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्यांनी हात जोडायचे असतात, आम्हाला सांभाळा म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. फक्त तुमच्या घरात एखादं जुनं काही अडून बसलं तर खडू हातात घेण्याआधी कुणालातरी विचारा, याला गुडघा कुठे लावायचा.