बोललेले दान

निपाणीत धर्मादाय संस्थांच्या बैठकांना चहा वेळेवर येतो, अध्यक्ष जरा उशिरा येतात आणि हिशेबाचा विषय लोक चपला शोधू लागले की येतो. विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी चालणाऱ्या पाळणाघराच्या बैठकीतही त्या दिवशी तसेच झाले. मात्र या वेळी विषय पुढे ढकलण्यासारखा नव्हता. वर्षानुवर्षे हिशेब लिहिणारे आण्णाप्पा मे महिन्यात मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. ज्या बेळगावच्या निधीतून पाळणाघराचा निम्मा खर्च भागे, त्याने कळवले होते, की सप्टेंबरअखेर तपासलेले हिशेब आले नाहीत तर अनुदान थांबेल. अनुदान थांबले की दसऱ्याला पाळणाघराच्या दाराला कुलूप.

"एखादा चांगला सेवाभावी माणूस बघा की," अध्यक्ष कुंथुनाथ अण्णा म्हणाले. अण्णांची तंबाखूची वखार होती. वखारीत तीन पगारी कारकून होते आणि त्यांच्यापैकी एकही सेवाभावी नव्हता.

सचिव कमलाबाई मगदूम यांनी मान डोलावली. या निवृत्त शिक्षिकेला पूर्वी अशा वाक्यांचा राग येई. आता येत नसे. पोळीचा तवा रोज उचलणाऱ्या बोटांचे जसे होते, तसे त्यांच्या मनाचे झाले होते. भाजत होते, कळत नव्हते.

पहिला सापडला स्वरूप. उचगावचा, बी.कॉम. झालेला, मच्छेच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळणारा. रविवारी दुचाकीवरून आला, पंख्याखाली बसला आणि पाने उलटत राहिला.

"मॅडम, ही वर्धापनदिनाची जमा दिसतेय. पण बँकेत हे पैसे कुठं आलेत?"

"ते सवालाचे आहेत," कमलाबाई म्हणाल्या.

स्वरूपला कळले नाही, म्हणून त्यांनी सांगितले. जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, अभिषेकाचा, आरतीचा मान कोणाचा, हे बोली लावून ठरते. त्याला सवाल म्हणतात. पाळणाघराच्या वर्धापनदिनाला हीच रीत उचलली होती. दीप लावण्याचा सवाल, मुलांना खाऊ वाटण्याचा सवाल. ज्याची बोली मोठी, त्याला मान. बोललेली रक्कम आण्णाप्पा त्याच दिवशी जमा धरत. शब्द दिला म्हणजे पैसा आला, असा त्यांचा हिशेब. नंतर विचारणे म्हणजे शब्दावर संशय घेणे.

"मग येतात कधी?"

"काहींचे येतात."

स्वरूपने चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि "पुढच्या रविवारी बघतो" म्हणून गेला. पुढच्या रविवारी त्याचा फोन लागला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

दुसरे गोमटेश, बँकेतून निवृत्त झालेले. ते स्पष्ट बोलले, एवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

"लिहायला माझी ना न्हाय, आक्का. पण आठवणीची पत्रं धाडा, फोन लावा, हे मला सांगू नगा. माझ्या दिव्याचं... न्हवं, धाकटीचं लगीन ह्याच माणसांत जमवायचं हाय. पोरीच्या सासऱ्याकडं थकबाकी मागू व्हय?"

"सासरा कोण ते ठरलंय?"

"न्हाय. म्हणून तर समद्यांशीच गोड ऱ्हायाला लागतंय."

कमलाबाईंना हसू यायला हवे होते. आले नाही. त्या उठल्या आणि गोमटेशच्या थोरल्या लेकीकडे, दिव्याकडे गेल्या. जुन्या पी.बी. रोडवर औषधांच्या दुकानाच्या माडीवर दिव्याचे करसल्लागाराचे कार्यालय होते. लग्नाच्या बोलण्यात वडिलांनी तिचे नाव घेता घेता गिळले होते. ते का, हे कमलाबाईंना माडी चढल्यावर कळले.

"महिना तीन हजार घेईन," दिव्या म्हणाली. "आणि ज्यांनी बोलून दिलं नाही, त्यांना विचारीन."

"अगं, सेवेचं काम आहे."

"पाळणाघरातल्या आया फुकट येतात?"

"नाही."

"दूध फुकट येतं?"

"नाही गं."

"मग हिशेबच तेवढा फुकट का, आक्का?" दिव्याने पेन खाली ठेवले. "मी सांगू? फुकट ठेवलेला माणूस उपकाराखाली असतो, त्यानं प्रश्न विचारला की त्याला म्हणता येतं, तू कोण विचारणारा. तुमच्या समितीला हिशेब लिहिणारा नकोय. हिशेब झाकणारा पाहिजे, तोही बिनपगारी."

"त्यांचा शब्द आहे. देतील उद्या."

"आपल्याकडं भूत येऊ नये म्हणून दारावर कानडीत 'नाळे बा' लिहितात. म्हणजे उद्या ये. भूत येतं, वाचतं, परत जातं. रोज." ती हसली. "तुमच्या पोरांचं दूध तसंच रोज दारावरनं परत जातंय. त्यांना वाचता येत नाही, एवढाच फरक."

कमलाबाईंनी हे अण्णांच्या कानावर घातले. अण्णा फोनवर म्हणाले, "पोरांच्या तोंडचा घास काढून हिला फी द्यायची? आक्का, तुमी शिकल्यालं माणूस हाईसा. असं बोलू नगा." एवढ्या कळवळ्याने बोललेले वाक्य ऐकून दुसरे कोणी ओशाळले असते. कमलाबाई "बरं" म्हणाल्या.

पाळणाघर बंद होणार ही बातमी वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. बुधवारी विड्या वळणाऱ्या मंगलची लेक आरोही पाळणाघरात आली नाही, गुरुवारीही नाही. शुक्रवारी कमलाबाई तिच्या घरी गेल्या. मंगल उंबऱ्याशी बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. दोन वर्षांची आरोही सुपाला टेकून बसली होती. नाक गळत होते, डोळे लाल होते, आणि ती दर थोड्या वेळाने शिंकत होती. शिंक आली की सुपातली तंबाखू उडे, आणि मंगल एका हाताने ती परत गोळा करी.

"पाठवत का नाहीस?"

"बंद हुणार म्हणत्यात न्हवं? आतापास्नंच सवय लावल्याली बरी." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "पयले चार दिस डोळं चुरचुरत्यात. मग कळत न्हाय. मला बी आता कळत न्हाय बगा."

तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस आला. अण्णांच्या वखारीतून तंबाखू नेऊन वळायला देणारा हाच ठेकेदार. त्या माणसाने मंगलच्या विड्या हातावर घेऊन एकेक पाहिली. ज्या सैल वाटल्या त्या बाजूला टाकल्या. याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही, आणि तिची तंबाखूही मजुरीतून कापली जाते. त्याने सगळे तिथेच उभ्याने लिहून घेतले. त्याला कोणी म्हणाले नाही, की बाईच्या शब्दावर संशय घेऊ नये.

आरोही शिंकली. कमलाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. आपल्याला काहीतरी वाटायला हवे, हे त्यांना समजत होते. वाटत काही नव्हते. "मला बी आता कळत न्हाय बगा" हे मंगलचे वाक्य मात्र त्यांच्या अंगावर सावकाश चढले. मंगलचे डोळे तंबाखूने मेले होते. आपले कशाने?

त्या तिथून थेट वखारीत गेल्या.

"अण्णा, दीप लावायचा सवाल तुमचा होता. गेल्या दोन वर्षांचे पैसे आलेले नाहीत."

वखारीतले कारकून लिहायचे थांबले. अण्णांनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग कमलाबाईंकडे.

"मला इचारताय?"

"तुम्हालाच."

"आण्णाप्पानं कवाबी इचारलं न्हाय."

"म्हणूनच आले नाहीत."

"बुडवणार हाय व्हय मी? बस्तीतला सवाल आठ दिवसांत भागवतो. इचारा जावा पुजाऱ्याला."

"तिथं देवाची भीती असते, अण्णा. पोरांना कोण भितंय?"

अण्णांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता ठेवला. कमलाबाई पुढे बोलल्या, वर्गात शुद्धलेखन सांगावे तशा सपाट आवाजात. "दिव्याला मी उद्यापासून नेमतेय. फी संस्थेच्या खर्चात दाखवीन, माझ्या सहीनं. आणि न आलेले पैसे जमेतून काढून येणे बाकीत घालतेय, नावांसकट. बेळगावला तेच जाईल. मग त्यांना अनुदान थांबवायचं असेल तर थांबवू देत."

"गावात नाव घालवणार माझं."

"तुमचं नाव आम्ही व्यासपीठावर घेतलं होतं, तेव्हा तुम्हाला आवडलं होतं."

समितीची तातडीची बैठक झाली. त्या बैठकीत चहाही उशिरा आला. एक सदस्य म्हणाला, आक्कांना विश्रांतीची गरज आहे. दुसरा म्हणाला, आजकालच्या पोरी. राजीनामा मात्र कोणी मागितला नाही, कारण मग सचिवाचे काम कोणाला तरी करावे लागले असते.

दोन दिवसांनी अण्णा धापा टाकत दिव्याची माडी चढले. कमलाबाई तिथेच पावत्या लावत बसल्या होत्या. अण्णांनी चेक टेबलावर ठेवला.

"पावती दे."

दिव्याने पावतीपुस्तक ओढले.

"तारीख तेवढी वर्धापनदिनाची घाल, बाळ," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "दोन पावत्या कर. त्या त्या वर्षाच्या."

"पैसे आज आलेत, अण्णा."

"अगं, बोललो तवाच होतो न्हवं. शब्द तवाचाच हाय."

दिव्याने पावतीवर पेन धरले. अण्णांनी कमलाबाईंकडे पाहिले. ती नजर त्यांना ठाऊक होती. सगळ्या बैठकांत तिने त्यांच्याकडून 'बरं' वसूल केले होते. 'बरं' ओठांपर्यंत आलेही. मग बसून बसून बधिर झालेल्या पायात एकदम कळ यावी, तशी एक कळ आली, आणि ती इतकी नको होती, की त्यांना क्षणभर जुनी बधिरताच बरी वाटली.

"आजचीच घाल, दिव्या," त्या म्हणाल्या.

दिव्याने आजची तारीख घातली. अण्णांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि ते जिना उतरून गेले. त्यानंतर आठवडाभर त्या जिन्यावर निपाणीतल्या बऱ्याच प्रतिष्ठितांचे पाय वाजले. हिशेब मुदतीत बेळगावला गेले. निधीने खरमरीत पत्र पाठवले आणि एक वर्षाचे अनुदान मंजूर केले. आरोही पाळणाघरात परत आली. तिचे डोळे अजून लाल आहेत.

अण्णांचे मनपरिवर्तन झाले का? ते त्यांचे त्यांनाच माहीत. कथेला त्यांचे मन लागत असेल, पाळणाघराला चेक पुरतो. बदलले ते कमलाबाईंचे मन.

तेव्हा नागरिकहो, आपल्या गावातल्या संस्थेला हिशेबनीस हवा असेल, तर फुकटचा शोधू नका. कामाची मजुरी द्या आणि विचारण्याचा अधिकार द्या. गरिबाची विडी पारखून घेणाऱ्या समाजाला श्रीमंताचे दान मोजून घेण्याची लाज वाटत असेल, तर ती लाज नव्हे, लाचारी आहे. तोंडाने बोललेले दान दान नसते. ते हातात येते, त्या तारखेला होते.