सव्वा तासावरची चौकशी

डोंबिवलीच्या स्थळात खोट सापडत नव्हती, म्हणून मला संशय आला.

मुलगा यज्ञेश. कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फातल्या एका खेड्यात नर्स. आईवडील डोंबिवलीत. आमच्यात चौकशी केल्याशिवाय मुलगी देत नाहीत, म्हणून मी आणि हे, न कळवता त्यांच्या सोसायटीत जाऊन आलो. इस्त्रीवाला चांगलं बोलला, वॉचमन चांगलं बोलला. वाणी तर इतकं चांगलं बोलला की रिक्षात बसल्या बसल्या मी म्हटलं, "पढवून ठेवलंय सगळ्यांना."

"अगं, आपण येणार हे त्यांना काय माहीत?"

"तेच तर."

पण मुलगा चार वर्षं तिकडे. तिथला वाणी कोण, वॉचमन कोण? मग आठवला कोपरीच्या माझ्या मैत्रिणीचा, विनिताचा मयूर. तोही त्याच बाजूला, दुसऱ्या एका खेड्यात शाळेवर आहे. नकाशात दोन्ही गावं माझ्या करंगळीच्या नखाखाली मावली. फोनवर शोधलं तर विमानाने सव्वा तास. आमच्या बाळकुमहून डोंबिवलीला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला होता.

मयूरला फोन लावला.

"मावशी, मध्ये रस्ता नाही. छोटं विमान, आठवड्यातून दोनदा. तेही हवा बरी असेल तर."

"मग सुट्टीत जा ना. सहज आल्यासारखं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचार."

"शेजारी अस्वलं आहेत."

तो हसला. मी नाही हसले. सव्वा तासासाठी एवढे आढेवेढे? "ओळखतात हे दोघं एकमेकांना," मी ह्यांना म्हटलं. "मयूर त्याला पाठीशी घालतोय."

"आई, चारशे किलोमीटर आहे ते," आमची श्रिया आतून म्हणाली.

"तू कधी मोजलंस?"

आतून दार लागलं.

पुढच्या आठवड्यात मयूरचाच व्हिडिओ कॉल आला. तोंड सुजलेलं, झोप न झाल्यासारखं. त्याच्या मागे शेगडीपाशी एक उंच मुलगा खिचडी ढवळत होता.

"मावशी, तुमचं स्थळ. स्वतःच आलाय, बघून घ्या म्हणतो. दोन दिवसांसाठी आलेला, आज सहावा दिवस. वाऱ्यामुळे विमानच नाही. दारू पीत नाही, भांडी घासतो. घोरतो मात्र असा की मी स्वयंपाकघरात झोपतोय."

यज्ञेश पुढे आला. हातात डाव तसाच. "नमस्कार, काकू."

चौकशीचं ह्याला कोणी सांगितलं? मी श्रियाकडे पाहिलं. ती नखं बघत होती.

मग मला जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. चौकशी, वाणी, इस्त्रीवाला, सगळं त्या एका प्रश्नासाठी चाललं होतं. "उद्या मला काही झालं, तर माझी मुलगी किती वेळात घरी पोचेल?"

हे खाकरले. यज्ञेशने डाव बाजूला ठेवला.

"हवा चांगली असेल तर तीन दिवस, काकू. नसेल तर आठवडाही. लवकर पोचेल असं मला सांगता येणार नाही. अजून दीड वर्षाचं काम आहे तिथे, मग शहरात बदली मागणार आहे. मिळेलच असं नाही."

तो 'एका दिवसात' म्हणाला असता, तर मी तिथेच नाही म्हणणार होते.

फोन बंद झाला. मग ह्यांनी चष्मा पुसत विचारलं, "डोंबिवलीला होकार कळवू?"

"श्रियाला विचारा," मी म्हटलं. "कळवून झाला असेल."